मल्टिमीडिया पत्रकारितेचे शिक्षण : विद्यापीठात काय, कुठे आणि कसे शिकावे?

वस्तीपातळीवर काम करताना दर जून-जुलैमध्ये एक प्रश्न हमखास येतो : ‘पत्रकारितेला प्रवेश घेऊ का?’ त्याच्या मागोमाग पालकांचा प्रश्न असतो : ‘त्यात नोकरी लागते का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. त्या विभागात दोन-तीन वर्षे काढल्यावर विद्यार्थ्याच्या हाताला नेमके काय येणार आहे? तो बातमी लिहू शकेल का, मुलाखत रेकॉर्ड करू शकेल का, दोन मिनिटांचा व्हिडिओ स्वतः चित्रित करून स्वतः संपादित करू शकेल का, आणि समोर आलेली माहिती खरी की खोटी हे तपासू शकेल का? या प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल तर पदवीचे मोल आहे. नसेल तर गुणपत्रिका हाती येते आणि काम मात्र नोकरीच्या ठिकाणी पहिल्यापासून शिकावे लागते.

हा लेख प्रवेशाच्या विचारात असलेल्या आणि प्रवेश घेतलेल्या अशा दोघांसाठी आहे.

मल्टिमीडिया पत्रकारिता म्हणजे काय?

पूर्वी वृत्तपत्राचा बातमीदार लिहायचा, छायाचित्रकार फोटो काढायचा, आकाशवाणीचा प्रतिनिधी आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि वाहिनीसोबत कॅमेरामन असायचा. आज बहुतेक ठिकाणी ही सगळी कामे एकाच माणसाकडून अपेक्षित असतात. घटनास्थळी गेलेला वार्ताहर मोबाइलवरून फोटो पाठवतो, ‘बाईट’ घेतो, कॅमेऱ्यासमोर उभा राहून ‘पीटूसी’ करतो आणि परतताना एसटीत बसून वेबसाइटसाठी मजकूर टाइप करतो.

मात्र मल्टिमीडिया म्हणजे एकच बातमी चार ठिकाणी चिकटवणे नव्हे. बातमीचा कोणता भाग शब्दांत सांगायचा, कोणता आवाजात, कोणता चित्रात आणि कोणता आकड्यांच्या तक्त्यात, हे ठरवता येणे हे या शिक्षणाचे मुख्य कौशल्य आहे. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजेच ‘पारी’, याचे चांगले उदाहरण आहे. तिथे एकाच लेखात मजकूर, छायाचित्रे, व्हिडिओ आणि ध्वनिफिती एकत्र येतात, आणि हे काम मराठीसह अनेक भारतीय भाषांत वाचायला मिळते. जात्यावरच्या ओव्यांचा त्यांचा प्रकल्प पाहावा. ओवी छापून वाचणे वेगळे आणि गाणाऱ्या बाईच्या आवाजात ऐकणे वेगळे, हे तिथे लगेच कळते.

आपल्या तरुणांनी हे का शिकावे?

ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांचा २०१९ चा अहवाल हिंदी आणि इंग्रजी माध्यमांवर होता. त्यात तपासलेल्या वृत्तसंस्थांमधील नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय पत्रकार होते. अनुसूचित जाती किंवा जमातीची एकही व्यक्ती त्या पदांवर आढळली नाही.

याचा परिणाम बातमीच्या भाषेवर होतो. वस्तीवर हल्ला होतो आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘दोन गटांत वाद’. ‘मारहाण झाली’ असे लिहिले की मारले कोणी, हे वाक्यातूनच गायब होते. ही भाषा दर वेळी हेतुपुरस्सर असते असे नाही. पोलिसांचे प्रेसनोट जसेच्या तसे उतरवण्याची सवय, घटनास्थळी न जाणे आणि त्या वस्तीत कोणाशीच ओळख नसणे, ही कारणेही असतात. ज्याची वस्तीत ओळख आहे आणि ज्याला बातमीदारीचे तंत्रही येते, असा माणूस ही उणीव भरून काढू शकतो.

मराठीत याची परंपरा जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. पुढे ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) निघाले. जागा मिळत नसेल तर स्वतःचे पत्र उभे करायचे, आणि त्यासाठी लेखन, संपादन, छपाई, वर्गणीदार अशा सगळ्या अंगांकडे लक्ष द्यायचे, ही ती परंपरा. आज छापखान्याची जागा मोबाइलने घेतली आहे, म्हणून साधन स्वस्त झाले. शिस्त मात्र तितकीच लागते.

उत्तर प्रदेशातील चित्रकूटमध्ये २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’चा अनुभव इथे उपयोगी आहे. ग्रामीण महिलांनी चालवलेले हे पत्र आधी छापील होते, नंतर ते मोबाइलवरच्या व्हिडिओ बातम्यांकडे वळले. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. यातल्या अनेक जणी कॅमेरा-फोन वापरायला कामातच शिकल्या. त्यांनी प्रशिक्षणाचा भाग संस्थेतच उभा केला. विद्यापीठात तोच भाग अभ्यासक्रमातून मिळू शकतो, अट एवढीच की तो मागून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात कुठे शिकता येते?

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत बारावीनंतर बी.ए. (मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन) हा अभ्यासक्रम आहे. जुन्या पिढीला तो ‘बीएमएम’ या नावाने माहीत आहे. काही महाविद्यालयांत तो मराठी माध्यमातूनही शिकवला जातो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि तो १९६४ पासून चालतो. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ इथेही पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

अमरावती येथे भारतीय जनसंचार संस्थेचे, म्हणजे ‘आयआयएमसी’चे, प्रादेशिक केंद्र आहे. तिथे मराठी पत्रकारितेचाही पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. या संस्थेला २०२४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात हे शिक्षण हिंदीतून मिळते. सामाजिक प्रश्नांवरील माहितीपटात रस असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा माध्यम व सांस्कृतिक अभ्यासाचा एम.ए. पाहावा. नोकरी करत शिकायचे असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडेही चौकशी करावी.

प्रवेशपद्धती, जागा आणि शुल्क दरवर्षी बदलते. ते त्या-त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच तपासावे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबू नये.

प्रत्यक्ष कोणती कौशल्ये हवीत?

१. लेखन : कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे हे सहा ‘क’ आजही पाया आहेत. महत्त्वाची माहिती आधी आणि तपशील नंतर, म्हणजे उलट्या पिरॅमिडची रचना, हातात बसली पाहिजे. रोज एक दोनशे शब्दांची बातमी लिहावी. युनिकोडमध्ये, शक्यतो इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, वेगाने मराठी टाइप करायला शिकावे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर टाकला की अक्षरांचा कचरा होतो, आणि तो निस्तरण्यात डेस्कवरच्या माणसाचा वेळ जातो.

२. आवाज : प्रेक्षक थोडे अंधुक चित्र सहन करतो, पण न कळणारा आवाज सहन करत नाही. कॉलरला लावायचा साधा माइक ही पहिली खरेदी असावी. मुलाखतीपूर्वी पंखा बंद करावा, बोलणे संपल्यावर त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करावी. संपादनात दोन वाक्यांमधली जागा भरायला ती उपयोगी पडते. ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर सरावासाठी पुरेसे आहे.

३. छायाचित्र आणि व्हिडिओ : नवशिका माणूस कॅमेरा सतत फिरवत राहतो. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर धरावा. हाताचे काम जवळून, मग चेहरा, मग संपूर्ण जागा, मग खांद्यावरून आणि शेवटी एखाद्या वेगळ्या कोनातून, असे पाच शॉट घेतले की एक लहान प्रसंग उभा राहतो. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवावे, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे. व्हिडिओ आडवा हवा की रीलसाठी उभा, हे चित्रीकरणाआधी ठरवावे. ‘डाव्हिंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती संपादनासाठी चांगली आहे. मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवावी आणि फाइलच्या नावात तारीख व ठिकाण लिहावे.

४. आकडे : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल, जनगणना, जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक वाचता आले पाहिजे. इथे समाजशास्त्राची शिस्त कामी येते. अत्याचाराचे नोंदलेले गुन्हे वाढले, याचा अर्थ अत्याचार वाढले असाच होईल असे नाही. लोक तक्रार द्यायला पुढे येऊ लागले असाही होऊ शकतो. आकडा घटला तरी गुन्हे नोंदवले जात नसतील. बातमीदाराने आकड्यामागे जाऊन पोलीस ठाण्यात आणि वस्तीत विचारायला हवे.

५. पडताळणी : आलेला फोटो उलट शोधून पाहणे, व्हिडिओतील दुकानाची पाटी, वाहनाचा क्रमांक, हवामान यांवरून ठिकाण आणि काळ ताडणे, आणि किमान दोन स्वतंत्र व्यक्तींकडून खात्री करणे. पुतळ्याच्या विटंबनेचा जुना व्हिडिओ ‘आजचा’ म्हणून फिरतो तेव्हा तणाव आपल्या वस्तीतच येतो. गुन्हे दाखल होतात ते आपल्याच मुलांवर. म्हणून पडताळणी हे कौशल्य आपल्यासाठी सुरक्षेचेही आहे.

६. माहितीचा अधिकार : २००५ च्या कायद्यानुसार दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने शिकत असतानाच किमान एक अर्ज करून, त्याच्या उत्तरातून एक बातमी तयार करावी.

एक बातमी, चार रूपे

समजा, एखाद्या तालुक्यात स्वाधार योजनेचा हप्ता विद्यार्थ्यांना वेळेवर मिळालेला नाही.

मजकुरात : किती अर्ज आले, किती मंजूर झाले, रक्कम कुठे अडली, समाजकल्याण कार्यालयाचे म्हणणे काय, हे पाचशे शब्दांत. आकडे माहिती अधिकारातून किंवा कार्यालयाच्या लेखी उत्तरातून घ्यावेत.

आवाजात : खोलीभाडे थकलेल्या एका विद्यार्थिनीची तीन मिनिटांची मुलाखत. मेसचे पैसे कसे जमवले, घरी काय सांगितले, हे तिच्याच शब्दांत. मध्ये बोलू नये. प्रश्न विचारून गप्प बसता येणे ही मुलाखतीतली सर्वात अवघड गोष्ट आहे.

चित्रात : दोन मिनिटांचा व्हिडिओ. खोली, पुस्तके, कार्यालयाची खिडकी, अर्जाची पोच आणि अधिकाऱ्याचा बाईट. अधिकाऱ्याने बोलायला नकार दिला तर तसे सांगावे, त्याला खलनायक करू नये.

तक्त्यात : अर्जाची तारीख, मंजुरीची तारीख, हप्त्याची तारीख अशी एक रेघ. हा तक्ता लोक सर्वात जास्त पुढे पाठवतात, म्हणून त्यातली एकही तारीख चुकता कामा नये.

ही बातमी करायला वाहिनीचे ओळखपत्र लागत नाही. दोन विद्यार्थी, एक फोन, एक माइक आणि दोन आठवडे पुरतात. वर्गातला प्रकल्प म्हणूनही ती सादर करता येते.

कायदा आणि संमती

लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. ही तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेत २२८-अ म्हणून होती. पीडित बालक असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. ओळख म्हणजे केवळ नाव आणि चेहरा नव्हे. शाळा, गल्ली, आई-वडिलांची नावे, घराचा दर्शनी भाग यांतूनही ती कळते. ‘न्याय मिळावा’ म्हणून फोटो टाकणाऱ्या कार्यकर्त्यालाही हा कायदा लागू आहे. बदनामीसाठी कलम ३५६ आहे. त्यामुळे आरोप असेल तिथे ‘आरोप’ हाच शब्द वापरावा आणि समोरच्याची बाजू घेतल्याची नोंद ठेवावी.

कायद्यापलीकडे संमतीचा प्रश्न उरतो. समाजशास्त्रात क्षेत्रकार्याला जाताना माहितीपूर्ण संमती घ्यायला शिकवतात. समोरच्याला आपण कोण, हे कशासाठी आणि कुठे दिसणार, हे समजले पाहिजे. पत्रकारितेत ती जास्तच गरजेची आहे. गावातली एखादी बाई रागाच्या भरात कॅमेऱ्यासमोर सगळे बोलते. आपण संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. तिला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच शेतात मजुरीला आणि त्याच नळावर पाण्याला जायचे असते, आणि तो व्हिडिओ वर्षानुवर्षे यूट्यूबवर राहतो. चेहरा झाकायचा का, आवाज बदलायचा का, हे तिला आधी विचारावे. तिने नंतर नको म्हटले तर काढून टाकण्याची तयारी ठेवावी.

प्रवेशापूर्वी विभागाला विचारायचे प्रश्न

माहितीपत्रकावर कॅमेऱ्याचे चित्र असते, म्हणून कॅमेरा हातात मिळेलच असे नाही. शक्य असल्यास विभागात प्रत्यक्ष जाऊन, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटून पुढील गोष्टी विचाराव्यात :

• विद्यार्थ्यांचे प्रायोगिक वृत्तपत्र किंवा वेबसाइट आहे का? शेवटचा अंक केव्हा निघाला?
• कॅमेरे, माइक आणि संपादनाचे संगणक किती? सुट्टीच्या दिवशी ते वापरता येतात का? कॅमेरा आवाराबाहेर नेता येतो का?
• प्रात्यक्षिकाला एकूण गुणांपैकी किती गुण आहेत?
• आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, सक्तीची आहे का? ती विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्याने शोधायची?
• शिकवणाऱ्यांपैकी कोणी वृत्तपत्रात, वाहिनीत किंवा आकाशवाणीत काम केले आहे का?
• विद्यापीठाचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे का, आणि त्यावर विद्यार्थ्यांचे कार्यक्रम लागतात का?

शेवटचा प्रश्न अनेक जण विसरतात. २००२ च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांपर्यंत वाढवली गेली. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे असेच केंद्र आहे. साताऱ्यातील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ स्वयंसेवी संस्थेने चालवलेले आहे. अशा केंद्रावर आठवड्याला एक कार्यक्रम केला तरी वर्षभरात आवाज, स्क्रिप्ट आणि वेळेचे भान येते.

खर्च आणि शिष्यवृत्ती

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावरून मिळते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अर्ज करण्यापूर्वी आपला अभ्यासक्रम शासनमान्य आणि योजनेत बसणारा आहे का, हे महाविद्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. खासगी संस्थांच्या झगमगीत ‘मीडिया डिप्लोमा’ला ही मदत लागू नसू शकते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते प्रवेशाआधीच तयार ठेवावे.

उपकरणांवर कर्ज काढून खर्च करू नये. बरा फोन, कॉलर माइक, साधा ट्रायपॉड आणि विभागातला संगणक एवढ्यावर पहिली दोन वर्षे निघतात. तीन-चार मित्रांनी मिळून माइक आणि ट्रायपॉड घेतला तर आणखी स्वस्त पडते. वस्तीतल्या विहाराच्या किंवा मंडळाच्या अभ्यासिकेत असा सामाईक संच ठेवता आला तर पुढच्या मुलांचीही सोय होईल.

शिक्षण संपताना हातात काय असावे?

मुलाखतीत ‘काय केले आहे ते दाखवा’ असे विचारले जाते. तेव्हा एका दुव्यावर पुढील काम एकत्र असावे : छापून किंवा प्रसिद्ध झालेल्या दहा बातम्या, तीन संपादित व्हिडिओ, दोन ध्वनिमुलाखती, एक छायाचित्र-कथा आणि आकड्यांवर आधारित एक बातमी. प्रत्येक कामाखाली आपण त्यात काय केले ते स्पष्ट लिहावे. गटाने केलेले काम एकट्याचे म्हणून दाखवू नये.

वाहिन्या आणि वृत्तपत्रांत सुरुवातीचा पगार कमी असतो, कामाचे तास जास्त असतात आणि अनेक जागा कंत्राटी असतात. हे घरच्यांना आधीच सांगावे. त्याच वेळी इतर वाटाही माहीत असाव्यात. शासनाच्या माहिती व जनसंपर्क विभागातील पदे, आकाशवाणी, सामाजिक संस्थांचे दस्तावेजीकरण, उपशीर्षके आणि भाषांतराचे काम, नेट-सेटनंतर अध्यापन, आणि स्वतःचे स्थानिक वृत्त-चॅनेल. या प्रत्येक ठिकाणी लिहिता, ऐकता, चित्रित करता आणि तपासता येणारा माणूस लागतो.

ज्यांनी या वर्षी प्रवेश घेतला आहे त्यांनी तिसऱ्या सत्राची वाट पाहू नये. आपल्या वॉर्डातील एक प्रश्न निवडावा, संबंधित कार्यालयात माहितीचा अर्ज टाकावा आणि पुढच्या महिन्यात त्याचे उत्तर आणायला स्वतः जावे.